उंबरठ्यावरच्या बाईचा उतारा

"उद्या सूर्य डोक्यावर आला की मी येतो. पुस्तक काढून ठेवा," हर्मिनोस म्हणाला, "नाहीतर मग वाचकानं अंगावर पांघरूण घेऊन तयार राहावं. खाणीत रात्री थंडी असते म्हणतात."

हा हर्मिनोस आमच्या नगरसभेतला. बादशहाचा हुकूम निघाल्यापासून ख्रिस्ती मंडळींची पुस्तकं गोळा करून चौकात जाळायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. पुस्तक दिलं नाही की वाचकाची रवानगी खाणीत, दगड फोडायला. वाईट नव्हता मेला, नुसता कंटाळला होता. आणि कंटाळलेल्या माणसाला विनवून काही उपयोग नसतो.

वाचक म्हणजे माझा धाकटा भाऊ, कोप्रेस. कोप्रेस म्हणजे उकिरड्यावरचा. आईची तीन पोरं पाठोपाठ गेली, चौथं जगावं, नजर लागू नये म्हणून हे असलं नाव. मंडळीचं पुस्तक वाचकाच्याच घरी असायचं, ही आमच्याकडची रीत. रविवारी तो ते छातीशी धरून न्यायचा, वाचायचा, परत आणायचा. आणि ते पुस्तक मी लिहिलेलं होतं. मी, तसेउस, पापनूथिसची मुलगी. वेशीवर बसून लोकांचे अर्ज लिहायचा माझा धंदा, तो हर्मिनोसला ठाऊक होता. पुस्तकाचं त्याला ठाऊक नव्हतं. बाईमाणूस पवित्र पुस्तक लिहीत असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नसतं.

अख्ख्या गावात प्रभूच्या वचनांचं आणि कृत्यांचं ते एकच पुस्तक. ते गेलं की आमच्याकडे काही उरणार नव्हतं. शेजारच्या दोन गावांची आधीच जळली होती. आमच्यावरून उतरवून घ्यायची, एवढीच त्यांची आशा होती.

हर्मिनोस गेल्यावर नेमेसियोन आपा आले. आमच्या मंडळीचे वडीलधारे. डोळ्यांवर सारा वाढून नजर गेलेली, काठी टेकत टेकत. ते म्हणाले, "तुमच्या बापानं लिहिलेलं जुनं आहे ना गं, पुरलेलं?"

होतं. पुस्तक फार झिजलं की आमच्यात ते फेकत नाहीत, जाळत नाहीत. मडक्यात घालून, तोंड चिखलानं लिंपून माणसासारखं पुरतात. सात वर्षांपूर्वी मी नवं लिहिलं तेव्हा जुनं असंच पुरलं होतं, वडिलांच्या थडग्याशी, पायाच्या बाजूला.

"मेलेलं देऊ, जितं ठेवू," आपा म्हणाले. "लोक आपल्याला पुस्तकं देणारे म्हणून थुंकतील. थुंकू देत."

दुसऱ्या दिवशी उजाडताच कोप्रेस मडकं घेऊन आला. त्याच्या नखांत माती होती. मी अंगणात चटई टाकून ते फोडलं. वडिलांचं अक्षर सात वर्षांनी बघत होते. पानं वाळकी, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. देण्याआधी एकदा शेवटचं बघावं म्हणून मी ती उलटत बसले, आणि शेजारी माझं नवं पुस्तक उघडून ठेवलं. उगाचच. आपलं अक्षर बापाच्या अक्षराला लावून बघायची खोड असते.

एका पानावर माझी नजर अडकली.

वडिलांच्या पानावर एक ओळ होती, "आणि ते तिथून पुढे निघाले." पुढे एका बाईची गोष्ट सुरू होत होती. सरोवराच्या काठची बाई, तिचा उंबरठा. मग पानाचा खालचा अर्धा भाग वाळवीनं खाल्लेला. आणि पुढच्या पानाच्या सुरुवातीला पुन्हा तेच, "आणि ते तिथून पुढे निघाले."

मी माझं पुस्तक चाळलं. एकदा, दोनदा. बोट ठेवून ओळ न ओळ. माझ्या पुस्तकात "पुढे निघाले" एकदाच होतं. बाई नव्हतीच. लिहिताना मान वर केली असणार, परत खाली बघितलं तेव्हा पहिल्याऐवजी दुसऱ्या "पुढे निघाले"वर डोळा पडला असणार, आणि मधलं सगळं गेलं. लिहिणाऱ्यांना हे होतं. म्हणून तर तपासणी असते!

प्रभूच्या तोंडचे शब्द मी गाळले होते, आणि जिथे ते शिल्लक होते ते पुस्तक थोड्या वेळात चौकात जळणार होतं, तेही अर्धं वाळवीच्या पोटात गेलेलं.

आमच्यात लिहिणारा आपलं लिहिलेलं आपण तपासत नाही. दुसरे दोघं बसतात. एकानं जुनं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नव्यावर बोट फिरवत ऐकायचं आणि फरक पडला की "थांबा" म्हणायचं. त्या वेळी जुनं वाचलं होतं नेमेसियोन आपांनी, तेव्हा त्यांना दिसत होतं. आणि नव्यावर बोट फिरवलं होतं कोप्रेसनं.

"कोप्रेस! इकडे ये!"

तो विष्ठा काढायची टोपली घेऊन कबुतरखान्याच्या शिडीवर होता. नवं पुस्तक तिथे लपवायचं ठरलं होतं. खाली आला.

"हे कुठंय?" मी त्याच्यापुढे दोन्ही पुस्तकं धरली. "ही बाई माझ्या पुस्तकात कुठंय? तू तपासलंस ना? काय झोपा काढत होतास?"

त्यानं पानांकडे बघितलं. या पानाकडे, मग त्या पानाकडे. आणि मान खाली घातली.

"अक्का, मला वाचता येत नाही."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते. अकरा वर्षं वाचक होता तो. दर रविवारी पुस्तक उघडायचा, पान उलटायचा, स्वच्छ आवाजात वाचायचा. परगावचे लोक ऐकायला यायचे त्याला.

"अक्षरं माझ्या डोळ्यासमोर थांबतच नाहीत गं. लहानपणापासून. बाबांना माहीत होतं. ते रात्रंदिवस वाचून दाखवायचे, मला एकदा ऐकलं की राहतं. सगळं पाठ आहे मला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आपांनी वाचलं ते सगळं मला येत होतं, म्हणून मी बरोबर, बरोबर म्हणत गेलो. मला वाटलं खाली पण तेच असणार."

म्हणजे सात वर्षं हा माझ्या पुस्तकात नसलेलं पान सगळ्यांसमोर वाचत होता! आणि कुणाला पत्ता नाही. मलाही नाही. तो उतारा वर्षातून एकदा यायचा, पूर ओसरून पेरणी सुरू होताना. तेव्हा बियाण्यासाठी अर्ज लिहून घ्यायला माझ्यापुढे रांग असायची, मी कुठली जाते मंडळीत.

आता सांगते ते सांगायला मला लाज वाटते. सूर्य डोक्यावर यायला अजून वेळ होता. बोरू तासलेला होता, शाई घोटलेली होती. त्याला समोर बसवून "म्हण" म्हटलं असतं तर तो उतारा तीनदा लिहून झाला असता.

मी काय केलं? मी भांडले.

तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. "पुस्तक उलटं धरलं असतंस तरी तुला कळलं नसतं! अकरा वर्षं अख्ख्या गावाला फसवलंस! मला फसवलंस! एका ताटात जेवतो आपण, मेल्या, एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"तू हसली असतीस."

"हसले नसते, हाणलं असतं!"

"तेच तर. अक्का, ऐक, मी म्हणतो, तू लिही—"

"आता म्हणतोस? बाबांनाही सामील करून घेतलंस. ते मला म्हणायचे, तू लिही बाई, कोप्रेस वाचेल. मला वाटायचं पोरगा म्हणून तुला मान. आणि इथे तुला अक्षरओळखच नाही!"

काय काय बोलले मी. बायको टिकली नाही तेही काढलं, आईच्या आजारपणातलं काढलं. तो मधून मधून "अक्का, वेळ जातोय" म्हणत होता आणि मला त्याचाच आणखी राग येत होता. शेवटी तो ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा, "लिहितेस की नाही!" तेव्हा कुठे मी बोरू उचलला. नव्या पुस्तकाच्या त्या पानाच्या खाली बरीच मोकळी जागा होती, ती पुढ्यात घेतली.

आणि दार वाजलं.

कोप्रेसनं मला अक्षरशः ढकलत शिडीवर चढवलं. पुस्तक, बोरू, दऊत, सगळं माझ्या ओच्यात. कबुतरखान्यात वाकून बसायलाच जागा. कबुतरं फडफडली, विष्ठेच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. मातीच्या जाळीतून खालचं अंगण दिसत होतं. कोप्रेसनं दार उघडलं.

हर्मिनोस, त्याचा कारकून, दोन शिपाई.

"बहीण कुठंय?"

"वेशीवर. धंदा आहे तिचा."

"बरं आहे. पुस्तक?"

कोप्रेसनं वडिलांचं पुस्तक दोन्ही हातांनी पुढे केलं. हर्मिनोसनं घेतलं, वास घेतला, नाक मुरडलं. "हे काय थडग्यातून आणलंस?"

"जुनं आहे, साहेब."

"मागच्या गावानं मला बैलांच्या औषधाचं पुस्तक दिलं. मी ते राज्यपालांकडे पाठवलं. त्यांनी उघडलं तर जुलाबावर काय द्यावं ते लिहिलेलं. माझी जी शोभा झाली! त्यामुळे आता माझ्यासमोर वाचून दाखवायचं." त्यानं मधलंच कुठलं तरी पान उघडून कोप्रेसच्या हातात दिलं आणि कारकुनाला खूण केली. कारकून त्याच्या खांद्याशी येऊन उभा राहिला, पानावर बोट ठेवून. "वाच."

त्याला काय दिसणार होतं त्या पानावर? मुंग्या. कुठलं पान आहे हेसुद्धा त्याला कळत नव्हतं. काहीही म्हटलं तरी ते खाली नसणार, आणि नाही म्हटलं तर वाचक कसला.

कोप्रेसनं घसा साफ केला. वर बघितलं नाही. आणि म्हणायला लागला.

"सरोवराच्या काठी. एका बाईच्या उंबरठ्यावर. प्रभू बसले."

तीन शब्द, थांबा. दोन शब्द, थांबा. रविवारी तो असा वाचत नसे. असं वडील मला सांगायचे, मी लिहायला शिकत होते तेव्हा. माझ्या बोरूचा वेग बघून.

माझ्या लक्षात आलं आणि मी लिहायला लागले. गुडघ्यावर पान, एक कबुतर पाठीवर बसलेलं.

"बरोबरचे म्हणाले. चला, ऊन उतरतंय. बाई म्हणाली. घरात तुम्हाला द्यायला. काही नाही. पाणीसुद्धा. शेजारणीचं आहे."

"साहेब," कारकून म्हणाला, "हे इथे नाही दिसत."

"नीट बघ."

"बघतोय. इथे काहीतरी जाळ्याचं आणि मासळीचं आहे."

"पुढे म्हण," हर्मिनोस कोप्रेसला म्हणाला. आता तो कंटाळलेला नव्हता.

खरं तर कोप्रेस तिथेच थांबू शकला असता. डोळे गेले साहेब, दिसत नाही, असं म्हणून पाय धरू शकला असता. सुटलाही असता कदाचित. त्याला ते सुचलं नसेल असं नाही. तो म्हणत राहिला. माझ्यासाठी. मी अर्धी सकाळ शिव्या घालण्यात घालवली म्हणून त्याला ते आता, शिपायांसमोर म्हणावं लागत होतं.

"प्रभू म्हणाले. मग शेजारणीलाही बोलाव. तिघं पाणी प्याले. निघताना ती म्हणाली. तुम्ही गेल्यावर. हा उंबरठा. मला खायला उठेल. मी काय करू?"

हर्मिनोस त्याच्या अगदी जवळ गेला. पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं. कोप्रेसचे हात तसेच राहिले, पुस्तक धरल्यासारखे.

"हा वाचतच नाहीये," हर्मिनोस हळूच म्हणाला. "अरे, हे जाळून काय करायचं? खरं पुस्तक तर हे इथे उभंय."

"तेव्हा प्रभू म्हणाले," कोप्रेस घाईघाईनं म्हणाला, आता मोठ्यानं, थांबे न घेता, "मी—"

शिपायानं त्याच्या तोंडावर हात मारला. दुसऱ्यानं तोंडात चिंधी कोंबली. दोन क्षणांत झालं सगळं. मी जाळीला तोंड लावून बसले होते. "मी" लिहिला होता आणि बोरू तिथेच टेकलेला, शाईचा डाग मोठा होत होता. ओरडले असते तर पुस्तक गेलं असतं. मी नाही ओरडले. माझा एवढा मोठा राग, त्या वेळी कुठे गेला होता कुणास ठाऊक.

संध्याकाळी नदीवर गेले तेव्हा कोप्रेसला खाणीवर नेणारी नाव सुटून गेली होती. चौकात वडिलांचं पुस्तक जळून गेलं होतं. कोप्रेसबरोबर खालच्या आळीतल्या सेन्फिबिसचा मुलगा पाएसिस पण नेला होता, मूर्तीपुढे ऊद टाकायला नाही म्हणाला म्हणून. सेन्फिबिस आणि मी, दोघी काठावर उभ्या होतो. ती रडत होती. मला रडूही येईना.

मग मी त्या ओळीच्या मागे लागले. आपांना विचारलं. ते म्हणाले, "तुला शांती असो, असं काहीसं." तांबटाची बायको म्हणाली, शेजारणीबद्दल काहीतरी होतं. कुणी म्हणे पाण्याचं, कुणी म्हणे दाराचं. सात जणांना विचारलं, सात उत्तरं आली. इतकी वर्षं ऐकलेलं, आणि सगळ्यांना त्याचा आवाज आठवत होता, शब्द कुणालाच नाही.

शेजारच्या गावचे उतरवून घ्यायला येणार होते. अर्धवट "मी" आणि पुढे कोरं, असं त्यांच्या हाती कसं द्यायचं? एका सकाळी मी बोरू बुडवला आणि लिहिलं. "मी परत येईन, दार उघडं ठेव."

नेमेसियोन आपांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हो गं बाई, हेच. अगदी हेच होतं." म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवलं.

दोन गावांत ते उतरलं, तिथून आणखी चार गावांत. लोकांना तो उतारा फार आवडायचा. कुणाच्या घरचं कुणी ना कुणी खाणीत होतंच. उंबरठ्यावरच्या बाईचं वाच म्हणून लोक मागणी करायचे. मी मूग गिळून बसायचे.

आठ वर्षांनी हुकूम फिरला. जे जिवंत होते त्यांना सोडलं. कोप्रेस आला तेव्हा मी ओळखलं नाही. उजवा डोळा नव्हता, डावा पाय शीर कापल्यामुळे ओढत होता. पळून जाऊ नये म्हणून खाणीवर कैद्यांचं तसं करतात. दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, मसूर शिजतेय का?"

जेवता जेवता मी त्याला पाएसिसचं विचारलं. त्यानं घास खाली ठेवला. "दुसऱ्याच वर्षी. शिळेखाली सापडला. मीच मूठमाती दिली. त्याच्या आईला सांगायचं राहिलंय, अक्का. वाटभर ठरवत आलो, आधी तिच्याकडे जाईन." मग मला त्या ओळीचं विचारायचं होतं, पण मी त्याला आणखी मसूर वाढली. दुसऱ्या दिवशी विचारीन म्हटलं. तसेच पाच-सहा दिवस गेले, आणि त्याचंही सेन्फिबिसकडे जाणं झालं नाही.

पेरणी सुरू झाली होती. रविवारी त्याला हात धरून वाचायला उभं केलं. पुस्तक उघडून दिलं. आता त्याला वाचता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी द्यायचं म्हणून दिलं. दाटी झाली होती. आवाज तोच होता, एका कणानंही बदलला नव्हता. सरोवर, उंबरठा, शेजारणीचं पाणी. मी काय करू, असं बाईनं विचारलं.

"तेव्हा प्रभू म्हणाले, मी बसलो होतो तिथे आता दुसऱ्या कुणाला बसव."

एवढंच होतं ते. इतकं साधं. आठ वर्षं मी ज्यासाठी जळत होते ते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

पण मंडळीत कुजबुज उठली. पुढच्या रांगेत सेन्फिबिस बसली होती, पार वाकलेली. ती उठली.

"चुकलास, बाळा," ती म्हणाली. प्रेमानं म्हणाली. "असं नाहीये ते. मी परत येईन, दार उघडं ठेव, असंय. विसरलास होय? माझ्या पाएसिससाठी आठ वर्षांत मी एकदाही दार लावलेलं नाही. थंडीत नाही, वाळूच्या वादळात नाही. प्रभूनं सांगितलंय म्हणून."

"हो, हो, असंच आहे," चारी बाजूंनी लोक म्हणाले. पुस्तकातही तसंच आहे, कुणीतरी म्हणालं. आपांनीही मान डोलावली.

कोप्रेसनं आपला उरलेला डोळा माझ्याकडे वळवला. त्याला लगेच कळलं. मी उभी राहिले. सांगणारच होते, ती ओळ माझी आहे, मी लिहिली, प्रभूची नाही, मारा मला. तोंड उघडलंही होतं. त्यानं पुस्तकावरची बोटं नुसती उचलली, थांब म्हणून.

मग त्यानं सेन्फिबिसकडे बघितलं.

"खरंय मावशी," तो म्हणाला. "चुकलो मी. खाणीत विसरायला झालं." आणि मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली, बाईच्या प्रश्नापासून, आणि माझी ओळ म्हटली. स्वच्छ, ठाम, जणू वडिलांनीच त्याला ती शिकवली होती. सेन्फिबिसनं हात जोडले.

मी खाली बसले.